उजव्या बाजूचा कप

आमच्या दुकानाच्या दारावर मोडक्या एक्सलांची माळ टांगलेली होती. लोक लिंबू-मिरची टांगतात तिथे, अगदी चौकटीच्या मधोमध. तारेत ओवलेले, मधेच तुटलेले, गंजून तांबूस झालेले लोखंडाचे तुकडे. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटून किणकिणत. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास वर बघायचं आणि विचारायचं, ही काय भानगड आहे. मग अप्पा, आमचे वडील, हातातलं काम ठेवून उठायचे. सायकलीच्या दोन्ही पायडलांचे दांडे जिथे भेटतात, तिथे सांगाड्याच्या पोटात एक आडवी नळी असते. त्या नळीतून एक पोलादी कणा जातो, तो एक्सल. एक्सल छर्ऱ्यांवर फिरतो, आणि छर्रे बसतात ते वाटीसारखे दोन कप नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांनी आवळलेले असतात. या सगळ्या ऐवजाला मिळून दुकानात बीबी म्हणत. अप्पा माळेतला एखादा तुकडा बोटाने हलवून सांगायचे, "चाक वाकलं तर माणूस उतरतो. चेन तुटली तर ढकलत नेतो. हे मोडलं तर माणूस पडतो. म्हणून माझ्या दुकानात हे भरीव असतंय."

अप्पांच्या भाड्याच्या सायकली वजनदार होत्या, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. गिरणीत जाणारे कामगार कुरकुरत, पण घेऊन जात, कारण त्या वाटेत दगा देत नसत. वजनावरचा हा विश्वास अप्पांनी दुकानात मिळवलेला नव्हता. तरुणपणी ते सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलत. घराहून उंच काठी, कमरेच्या पट्ट्यात तिचं बूड, आणि तोल सांभाळत गर्दीतून चालायचं. संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून त्याचा सराव चाले. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. पण एकदा म्हणाले होते, "हलकी काठी वारा खाती. जड काठी उभी राहती." त्यांचं सगळं तत्त्वज्ञान यात आलं.

दुकानाच्या मागे दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं. पहाटे गिरणीचा भोंगा, मग मागच्या बोळातल्या मागांची खटखट सुरू व्हायची ती दिवसभर, आणि त्या खटखटीच्या आत अव्वाच्या, म्हणजे आईच्या, चरख्याची बारीक घरघर. अव्वा शेजारच्या कारखान्यासाठी कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात घालायच्या त्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. तिच्या पदराला, केसांना, कधीकधी भाकरीलासुद्धा सुताची कुसं चिकटलेली असायची. घरात पंक्चरच्या सोल्युशनचा वास, ग्रीसचा वास आणि शेंगा भाजल्याचा वास एकमेकांत मिसळून गेलेला. आज कुठे शेंगाचटणीचा डबा उघडला की मला आधी सोल्युशनचा वास येतो, मग चटणीचा. हे कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून मी सांगत नाही. थोरल्या बहिणीला, अक्काला, सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला तर भाकरी थापल्याच्या आवाजाबरोबर ट्यूब फुगवल्याचा आवाज येतोय, तुझं बरंय."

अप्पांचा दिवस पूजेने उघडायचा. आंघोळ, मग हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे. तोवर पाण्याचा घोट नाही आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. एकदा तापाने फणफणले होते तेव्हा अव्वाने त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि पूजा झाल्यावरच औषध दिलं. दुकानाला पाटी नव्हती. पट्टेवाल्या सिद्रामप्पांकडून सायकल आण, असं लोक सांगत.

अक्का माझ्याहून मोठी. गिरिजा तिचं नाव. मी सुनंदा, घरातली सुनी. अक्का उंच, सडपातळ, चालतानासुद्धा घाईत असल्यासारखी. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात. भाड्याची सायकल परत आली की ती नीट चालते का बघायला म्हणून अक्का एक फेरी मारायची, आणि ती फेरी होटगी रस्त्यापर्यंत लांबायची. कॉलेजात गेल्यावर तिथल्या कुलकर्णी सरांनी तिला मैदानावर बघितलं. सर स्वतः एके काळी शर्यतीत उतरलेले होते. उन्हाने रापलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिला तयार करायला घेतलं, आणि राज्याच्या संघासाठी मुलींची निवड आपल्या गावात होणार असं कळलं, तेव्हा ते आपली जुनी सायकल घेऊन आमच्या दुकानात आले.

ती इटलीची होती. सरांना ती कशी मिळाली ते मला नीट माहीत नाही. त्यांच्या शर्यतीच्या दिवसांत कुणा परदेशी खेळाडूने मागे ठेवलेली, एवढं ऐकलं होतं. फिकट निळा रंग, जागोजागी उडालेला. अक्काने ती एका हाताने उचलली आणि नुसतीच हसली. मग माझ्या हातात दिली. एवढं हलकं काही रस्त्यावर माणसाला घेऊन जाईल हे मला खरं वाटेना.  सर गेल्यावर त्यांनी सायकल स्टँडवर चढवली, उकिडवे बसले, आणि दांड्याच्या टोकाशी डोळा लावून एक्सलमधून बघितलं.

"आरपार दिसतंय की गं," ते म्हणाले. "पलीकडचा रस्ता दिसायलाय. बसण्णाचं हॉटेल दिसायलंय."

"पोकळच असतो तो अप्पा. वजन वाचतं."

"आणि जीव?"

"अप्पा, तुमच्या सायकलीवर शर्यतीत गेले तर निवडीच्या दिवशी निघून पुढच्या संक्रांतीला पोचेन."

"पोचशील तर खरं," अप्पा म्हणाले.

समोरच्या चहाच्या हॉटेलातून बसण्णा हे सगळं ऐकत होता. त्याने तिथूनच आवाज दिला, "काय सिद्रामप्पा, पोरगी शर्यतीला सोडायलाय म्हणं? शिंगं रंगवली का न्हाई अजून?"

"रंगवतो की," अप्पा म्हणाले. "आधी तुझ्या चहाला रंग येऊ दे."

सगळे हसले. अक्कासुद्धा. पण त्या दिवसापासून अप्पा अस्वस्थ झाले. अक्का सरावाला गेली की ते सारखे दाराशी येत, माळेखाली उभे राहत आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत. जेवताना मधेच विचारत, "चढाला उभी राहून मारतीस का पायडल?" अक्का हो म्हणाली की त्यांचा घास तसाच राही. उभं राहून मारलेल्या पायडलाचा सगळा भार त्या एका कण्यावर येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. माळेतला एकेक तुकडा कुणाच्या पायाखाली मोडला हे त्यांना आठवत होतं. त्यांतला एक माणूस पडला तो पुन्हा नीट चालला नाही. त्याचं नाव अप्पा घेत नसत. पण त्या तुकड्याला कधी बोट लावून हलवत नसत, हे मी बघितलं होतं.

निवड आठवड्यावर आली असताना, एका दुपारी, अक्का कॉलेजात होती. मी शाळेला दांडी मारून आतल्या खोलीत वाचत पडले होते. अव्वाचा चरखा चालू होता. दुकानातून अप्पांच्या कामाचे नेहमीचे आवाज येत होते. हातोडीचे दोन हलके ठोके, मग पान्याची कुरकूर. मी वर बघितलं नाही. नंतर ते आवाज थांबले आणि एक वेगळाच आवाज आला. अप्पांच्या तोंडून निघालेला, दात आवळून जोर लावतानाचा. तो पुन्हा आला. मग कर्रर असं काहीतरी झालं, दगडावर पत्रा ओढल्यासारखं, आणि त्यानंतर दुकानात इतकी शांतता पसरली की अव्वाने चरखा थांबवला.

आम्ही दोघी बाहेर गेलो. निळी सायकल स्टँडवर होती. अप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसले होते. त्यांच्या मांडीशी एक नवा कोरा भरीव एक्सल आणि आमच्या दुकानातले दोन पोलादी कप मांडून ठेवले होते. त्यांना काय करायचं होतं ते मांडणीवरूनच कळत होतं. पोकळ कणा काढायचा, भरीव घालायचा, आणि अक्काला शर्यत झाल्यावर सांगायचं, किंवा कधीच नाही. डावीकडचा कप मुकाट निघाला होता. तो सगळ्या सायकलींचा सरळ आट्यांचाच असतो. उजवीकडचा कप मात्र आपल्याकडच्या सायकलींना उलट्या आट्यांचा असतो. घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला की सुटतो. अप्पांच्या हातांना आयुष्यभर हेच ठाऊक होतं. त्या इटलीच्या सायकलीचा उजवा कपही सरळच होता. त्यामुळे अप्पा तो सोडवतोय असं समजून आवळत होते. हलत नाही म्हणून त्यांनी तेल सोडलं, वाट बघितली, पान्याला लांब नळकांडं लावलं आणि सगळा भार टाकला. कप पातळ होता, हलक्या धातूचा. त्याचे आटे गेले.

सायकलीच्या कामात हयात घालवलेल्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकत होती. मला सांगितलं असतं तर मी दोन्हीकडे फिरवून बघितलं असतं.

अव्वा चिडली की कन्नडात जायची. त्या दिवशी ती कोणत्याच भाषेत गेली नाही. तिने पदराने अप्पांच्या हाताचं ग्रीस पुसलं, जे तिने आधी कधी केलं नव्हतं, आणि आत जाऊन पुन्हा चरख्याशी बसली.

अक्का आली तेव्हा अप्पांनी काही लपवलं नाही. उभे राहून सांगितलं, मास्तरांसमोर सांगावं तसं. अक्का सायकलीशी वाकली. मग तिने उजव्या कपाला बोट लावलं. तो हाताने फिरला.

"मला विचारायचं तर होतं," ती म्हणाली.

"तू न्हाई म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच."

त्यानंतर ती अप्पांशी बोलली नाही. राग दाखवायला दारं आपटणं, ताट सरकवणं असलं काही तिच्यात नव्हतं. ती जेवली, भांडी घासली, माझी वेणी घातली. फक्त अप्पांच्या दिशेने तिचे शब्द बंद झाले. त्यांना काही सांगायचं असेल तर ती मला सांगायची, ते शेजारी बसलेले असतानाही. "सुनी, अप्पांना म्हणावं, हवा भरायचा पंप घेऊन जातीये." अप्पा मान हलवायचे, मी काही सांगण्याआधीच.

दुसऱ्या दिवशी सर आले. वाकून बघितलं, कप फिरवला, सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि तेच जास्त भीतीचं होतं. "उलट्या आट्यांचा नाहीये हो हा," ते शेवटी हळूच म्हणाले. अप्पा म्हणाले, "आता कळलं." सरांनी चष्मा काढून पुसला. "मी सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की कुणी उघडेल."

आमच्याकडचे कप त्या नळीत बसत नव्हते. नळीचं तोंड किंचित मोठं होतं, त्यामुळे आमचा कप नुसताच आत जाई आणि बाहेर येई. तसा कप सोलापुरात मिळणं शक्य नव्हतं. पुण्याला विचारायचं तर दिवस हातात नव्हते. दुसऱ्या सायकलीवर जायचं तर सरांच्याच शब्दांत, "मग नुसतं भाग घेतल्यासारखं होईल." तीन माणसं त्या एवढ्याशा धातूच्या वाटीकडे बघत उभी होती. आतून अव्वाचा आवाज आला, "नळाला गुंडाळत्यात तसं सूत गुंडाळून बघा की."

कुणी हसलं नाही. सरांनी मान वर केली.

कपाच्या आतल्या बाजूचे थोडे आटे शाबूत होते. अव्वाने पीळ घट्ट असलेलं सूत निवडून काढलं. चादरीच्या किनारीला लागतं ते, दाताने तुटत नाही असं. अप्पांनी ते नळाच्या जोडाला लावतात त्या सफेद्यात भिजवून आट्यांच्या दिशेने, एकेका फेऱ्याला अंगठ्याने दाबत गुंडाळलं. पोकळ एक्सलच पुन्हा आत गेला. कप चढला, आवळला, आणि हाताने हलेना झाला. पण सर म्हणाले ते मला अजून आठवतं, कारण त्यानंतर मला रात्री झोप लागेना. उजव्या कपाला उलटे आटे देतात ते उगीच नाही. एक्सल पुढे फिरतो तेव्हा त्याच्या आणि कपाच्या मधले छर्रे लोळत लोळत कपाला उलट्या दिशेने ढकलत असतात. अगदी केसभर, पण प्रत्येक पायडलाला. आपल्या सायकलीत त्यामुळे कप आणखी आवळतो. या सायकलीत तो सुटतो. "म्हणजे ती जितकं जोरात मारेल तितकं..." अप्पा म्हणाले, आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मग ते आत गेले. देवघरातून विभूतीचा गोळा आणला, चिमूटभर चुरून लाकडी पॉलिशच्या थेंबात कालवला, आणि काडीने एक बारीक पांढरी रेघ ओढली. अर्धी कपावर, अर्धी नळीवर. रेघ सरळ असेल तर कप जागेवर. तुटली तर तेवढा फिरला. त्या दिवसापासून आमचं घर त्या रेघेवर जगलं. अक्का होटगीला जाऊन आली की अप्पा कंदील घेऊन सायकलीखाली बसायचे. रेघ कधी जुळलेली असायची, कधी नखभर सरकलेली. सरकलेली दिसली की ते पातळ पाना घेऊन कप आवळायचे आणि रेघ पुन्हा जुळवायचे. चेनच्या चाकाआडच्या फटीत जाईल असा पाना त्यांनी मागाच्या पट्टीतून मुद्दाम घासून बनवला होता. अक्का तोवर दाराला टेकून उभी असायची. बघायची, पण बोलायची नाही. जेवण कुणालाच जात नव्हतं. अव्वा धपाटे करायची, दही लावून समोर ठेवायची, आणि ते तसेच वातड व्हायचे. "ऊटा माडु," ती म्हणायची, म्हणजे जेव. मला म्हणायची की अक्काला की अप्पांना, कळायचं नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी अप्पा मला म्हणाले, अक्का शेजारीच पायताणाला पॉलिश करत होती, "सुनी, तिला सांग. वळणाला मी पाना घेऊन बसतो. तिथं वेग कमी होतोय. रेघ बघतो. तुटली असंल तर थांबायचं, दोन मिनिटाचं काम हाय."

"सुनी," अक्का खाली मान घालून म्हणाली, "अप्पांना सांग, मी थांबणार नाही."

वळण विजापूर रस्त्यावर तेरामैलला होतं. तिथे रस्त्याच्या मधोमध चुन्याने रंगवलेला पिंप ठेवला होता. त्याला वळसा घालून परत सोलापूरला यायचं. अप्पा आणि मी अंधार असतानाच एसटीने निघालो. अव्वाने बांधून दिलेली कडक भाकरी माझ्या मांडीवर होती, आणि अप्पांच्या मांडीवर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला पाना. वडकबाळच्या पुलावर गाडी खडखडली तेव्हा त्यांनी खिडकीतून रस्त्याचे खड्डे बघितले आणि डोळे मिटून घेतले. तेरामैलला उतरलो तर थंडी होती. उसाच्या गाड्या रात्रभर चालून तिथे थांबल्या होत्या. बैल सोडलेले, जाळ पेटवलेला. गाडीवाल्यांपैकी एकाने विचारलं, "काय हाय हितं आज?" अप्पा म्हणाले, "पोरींची शर्यत." तो म्हणाला, "मंग तुमी का घाबरल्यासारखं करायलाय?"  पिंपाच्या बाजूला, जिथून सायकली वळताना उजवी बाजू समोर येणार होती, तिथे ते रस्त्यावरच उकिडवे बसले. ऊन वर आलं, ट्रक वाढले. दर ट्रकबरोबर त्यांचा हात फडक्यावर आवळत होता. मी भाकरी पुढे केली. ते नको म्हणाले. पाणी दिलं, तेही नको म्हणाले. मला वाटलं, काळजीने.

मला त्या वाट बघण्याइतकं लांब काही आठवत नाही. नंतरच्या आयुष्यात मी इस्पितळांच्या बाकांवर पुष्कळ बसले. अव्वासाठी, यजमानांसाठी, आणि आता गेल्या वर्षी अक्कासाठी. प्रत्येक वेळी पायांखाली मला तोच रस्ता वाटायचा. दूर काळा ठिपका दिसतो, तो मोठा होतो, आणि ट्रक निघतो.

मग त्या आल्या. पहिली एक अनोळखी मुलगी, पुण्याकडची असावी. तिच्या बरीच मागे अक्का, आणि अक्काच्या मागे लगटून आणखी दोघी-तिघी. जवळ येण्याआधीच तिची सायकल ऐकू आली. टक्. थोडं थांबून टक्. उजवा पाय खाली गेला की टक्. अप्पा गुडघ्यावर आले. अक्काने पिंपाच्या अलीकडे वेग कमी केला, सायकल उजवीकडे झुकली, आणि ती आमच्यासमोरून इतकी जवळून गेली की मला तिचा श्वास ऐकू आला. रेघ मलाही दिसली. तुटली होती. कपावरचा तुकडा नळीवरच्यापासून बोटभर पुढे गेला होता.

अप्पांनी तोंड उघडलं.  मी त्यांच्याकडे बघत होते. पाना धरलेला त्यांचा हात वर गेला होता आणि हाक न निघताच तिथे थांबला होता. थांब म्हणावं तर निवड जाते. न म्हणावं तर माळेतला तो एक तुकडा.

अक्का पिंपाला वळसा घालून सरळ झाली, पायडलावर उभी राहिली, एक जोर मारला, आणि थांबली.

तिने डावा पाय जमिनीवर टेकवला. मागे बघितलं नाही. मागच्या दोघी तिला ओलांडून गेल्या, मग तिसरी. अप्पा धावत गेले, धोतर आवरत, आणि रस्त्यावर गुडघे टेकून त्यांनी पाना फटीत घातला. त्यांचे हात त्या वेळी अगदी स्थिर होते. रेघेचे दोन तुकडे हळूहळू जवळ आले आणि जुळले.

"झालं?" अक्काने विचारलं. थेट त्यांना.

"व्हय. जा."

ती गेली. आम्ही तिथेच उभे राहिलो, ती दिसेनाशी होईपर्यंत आणि त्यानंतरही. उसाच्या गाडीवाल्याने अप्पांना चहा आणून दिला. तो त्यांनी हातात धरला आणि तसाच गार होऊ दिला.

निवड झालेल्या मुलींच्या लगेच खाली अक्काचा नंबर लागला. परतीच्या वाटेवर तिने एकीला गाठलं होतं, पुढचीला गाठता आलं नाही. सर म्हणाले, थांबली नसतीस तर झाली असती निवड. मग स्वतःच म्हणाले, किंवा परतीच्या वाटेत हत्तूरला कप बाहेर आला असता. यातलं काय झालं असतं ते कुणालाच कळणार नव्हतं, आणि अप्पांनी हे न कळणं उरलेलं आयुष्य जवळ बाळगलं. पुढच्या वर्षी निवड नागपूरला होती आणि अव्वा आजारी होती. अक्का पुन्हा शर्यतीत उतरली नाही. शाळेत खेळाची शिक्षिका झाली, आणि सरांनी ती सायकल परत घेतली नाही म्हणून त्याच सायकलीवर नोकरीला जात राहिली. दर संक्रांतीला अप्पा कप उघडून नवं सूत गुंडाळायचे. ते गेल्यावर अक्का स्वतः गुंडाळायला शिकली. त्या दोघांत त्या दिवसाबद्दल कधी बोलणं झालं नाही. बाकी सगळ्याबद्दल झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती त्यांना म्हणाली होती, "अप्पा, तुमचा तो भरीव एक्सल आता माळेत टांगा, काही कामाचा नाही," आणि अप्पा इतके हसले होते की बसण्णा हॉटेलातून उठून आला.

मी समजत होते की वळणावर तिला कप हलल्याचं पायाला कळलं, म्हणून ती थांबली. ती नेहमी यंत्राचं ऐकणारी होती. इतकी वर्षं मी हे असंच धरून चालले, आणि कुणाला सांगायची वेळ आली तर तसंच सांगितलं. गेल्या वर्षी, शेवटच्या महिन्यात, ती खाटेवर पडून असताना दुपारच्या वेळी आम्ही जुनं काहीबाही बोलत असू. तिचा आवाज फार खाली गेला होता. मी सहज म्हणाले, बरं झालं तुला ते वेळेवर जाणवलं.

"जाणवायचं काय," ती म्हणाली. "वडकबाळपासून टकटक होत होती. माझं ठरलं होतं, थांबायचं नाही. पडले तर पडले."

"मग?"

तिने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. 

"वळताना अप्पा दिसले," ती म्हणाली. "त्यांच्या कपाळावर विभूती नव्हती, सुनी. पूजा न करता आले होते."

मी त्या पहाटे त्यांच्याबरोबर घरातून निघाले होते. एसटीत त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. तेरामैलला ऊन वर येईपर्यंत त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी भाकरी नाकारली, पाणी नाकारलं, चहाचा घोट घेतला नाही, आणि मला कारण दिसलं नव्हतं. अक्काला ते सायकलीवरून जाताना, एका वळणात दिसलं.